जमिनीखालून आलेले आकडे

शाल्मलीने स्वतः बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा चालू केला, तेव्हा त्यातून गिटारचा आवाज आलाच नाही. त्यातून एक माणूस मोजत होता.

"दोनशे एक्केचाळीस," तो म्हणाला. मग बराच वेळ थांबला. "दोनशे बेचाळीस."

आवाज बारीक होता, एखाद्या खोल विहिरीच्या तळाशी बसून कोणी बोलावं तसा. शाल्मलीच्या मांडीवर गिटार होती, पण तिने अजून एकाही तारेला बोट लावलं नव्हतं. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी टिटवीकडे पाहिलं.

टिटवी म्हणजे या भागातला तपासणी करणारा यंत्रमानव. दोन काटकुळ्या पायांवर तुरुतुरु चालायची आणि डोक्यावरचा लांब अँटेना सारखा इकडेतिकडे वळवायची, म्हणून मुलांनी तिचं हे नाव ठेवलं होतं. घरात कोणतंही नवीन विजेचं उपकरण केलं की ते आधी टिटवीला दाखवावं लागे. आज ती त्यासाठीच आली होती.

"टिटवी, कोण बोलतंय?" आजोबांनी विचारलं.

"कोणीही बोलत नाही," टिटवी म्हणाली. "रेडिओ लहरी शून्य. उपकरण मंजूर करायला हरकत नाही."

"दोनशे त्रेचाळीस," डब्यातून आवाज आला.

बाहेर दुपारचे तीन वाजले होते, पण खिडकीतून अंगणातलं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. वाघधरच्या सड्यावर भाद्रपदात असंच धुकं असतं.

या सड्यावर, म्हणजे घाटमाथ्यावरच्या सपाट कातळावर, वीस वर्षांपूर्वी, २०५४ साली, मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. दोनशे पांढऱ्या थाळ्या दिवसरात्र आकाशाकडे तोंड करून ऐकत असतात. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओ लहरी इथे पोचेपर्यंत इतक्या क्षीण झालेल्या असतात, की जवळपास कोणी एक मोबाइल चालू केला तरी त्या त्याच्यात बुडून जातील. म्हणून दुर्बिणीच्या भोवतालचा दहा किलोमीटरचा भाग म्हणजे शांतपट्टा. इथे मोबाइल नाही, बिनतारी असं काहीच नाही. घरातली वीजसुद्धा एकदिश (एकाच दिशेने वाहणारी) आहे, कारण सारखी दिशा बदलणारी वीज यंत्रांमध्ये गुणगुणते. बोलायला तारेचे फोन आहेत, आणि त्या सगळ्या तारा जमिनीखालच्या बोगद्यातून जातात. त्या तारांची देखभाल करणाऱ्या माणसांना इथे तारवाले म्हणतात.

अशा गावात तेरा वर्षांच्या मुलीला इलेक्ट्रिक गिटार वाजवायची असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर घरीच बनवावा लागतो.

गिटार आईची होती, तिच्या कॉलेजच्या दिवसांतली. आई आता दुर्बिणीच्या नियंत्रण कक्षात कामाला होती आणि गिटार माळ्यावर होती. शाल्मलीने ती खाली काढली तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की हिला आवाज का नाही? लाकूड भरीव. तारा छेडल्या तर डास गुणगुणावा एवढाच आवाज.

"कारण ही गिटार हवेला ऐकवायला केलेलीच नाही," आजोबा म्हणाले होते. ते दुर्बिणीचे रिसीव्हर (लहरी पकडणारी यंत्रं) बनवत असत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांच्या शर्टाच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर असायचाच. "तारांखाली ही काळी पट्टी आहे ना, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आहे आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सहा-सात हजार वेढे. तार पोलादाची आहे. ती चुंबकाच्या जवळ थरथरली की तिथलं चुंबकत्व किंचित कमीजास्त होतं. आणि वेढ्यांमधलं चुंबकत्व बदललं की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते. लक्षात ठेव, चुंबकत्व नुसतं असून चालत नाही. ते बदलावं लागतं."

"नायलॉनच्या तारा लावल्या तर?"

"मग गप्प. चुंबकाला नायलॉन दिसतच नाही."

ही वीज फारच थोडी, व्होल्टच्या दहाव्या-शंभराव्या भागाएवढी. तिने स्पीकर हलत नाही. म्हणून मध्ये अ‍ॅम्प्लिफायर (क्षीण विद्युत-संदेश मोठा करणारं यंत्र) लागतो. शाल्मलीला आधी वाटायचं, की तो लहान विजेची मोठी वीज करतो. आजोबांनी तिला अंगणातल्या टाकीच्या नळाशी नेलं होतं.

"चावी फिरवायला ताकद किती लागते?"

"दोन बोटांची."

"आणि पाणी किती जोरात येतं? ते पाणी तुझ्या बोटांतून आलं का?"

"टाकीतून आलं."

"तसंच आहे. टाकी म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी. चावी म्हणजे चिप. गिटारमधली एवढीशी वीज फक्त चावी फिरवते. ती जशी थरथरेल तशीच चावी थरथरते, आणि बॅटरीची मोठी वीज त्याच तालात स्पीकरकडे धावते. मोठं होतं ते बॅटरीच्या जिवावर. गिटार फक्त कसं थरथरायचं ते सांगते."

तीन दिवस काम चाललं. आठ पायांची छोटी चिप, तीन कपॅसिटर (विद्युतभार साठवून ठेवणारे भाग), आवाज कमीजास्त करायचं फिरतं बटण, गिटारची वायर खोचायला एक खाच, आणि हे सगळं बसवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. स्पीकर तेवढा मिळेना. तो आज सकाळी अकरा वाजता रंगाकाकांनी आणून दिला.

रंगाकाका येडगे तारवाले होते. कामाच्या मधून बाहेर येऊन, चिखलाच्या बुटांनी दारातच उभं राहून त्यांनी पिशवीतून स्पीकर काढला होता. "जुन्या भोंग्यातला हाय. साहेबांस्नी दाव, फाटलाबिटला न्हाई ना ते. आन वाजवायला लागलीस की मला बोलीव पोरी. नुसतं गाणं नगं, चांगलं गाणं."

आजोबा म्हणाले होते, "रंगा, ती आधी महिनाभर नुसती खडखड करणार आहे."

"मग महिन्यानं बोलवा," असं म्हणून ते धुक्यात गेले होते.

"दोनशे अठ्ठेचाळीस," डबा म्हणाला.

शाल्मलीच्या मानेवर काटा आला होता, पण तिला बटण बंद करावंसं वाटेना. बंद केलं तर तो माणूस मोजत राहीलच, फक्त आपल्याला कळणार नाही, असं तिला वाटलं.

"घाबरू नकोस," आजोबा म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज काही फार स्थिर नव्हता. "एकेक गोष्ट वगळत जाऊ. आधी गिटारची वायर उपट."

तिने वायर उपटली. डबा शांत झाला. परत खोचली. "दोनशे पन्नास."

"म्हणजे हे डब्यातून येत नाही, गिटारमधून येतंय. आता तारांवर तळवा ठेव. घट्ट."

तारा दाबल्या. आवाज तसाच.

"म्हणजे तारा हलून हे होत नाहीये. आता गिटार उभी धर. आता हळूहळू आडवी कर."

गिटार फिरली तसा आवाज वाढला, मग घटला, मग पुन्हा वाढला. शाल्मलीने तीनदा करून पाहिलं. दर वेळी तेच.

"पिकअपच्या वेढ्यांमध्ये बाहेरून बदलतं चुंबकत्व शिरतंय," आजोबा सावकाश म्हणाले. "आणि ते माणसाच्या बोलण्याच्या तालात बदलतंय. टिटवीला ते कळणार नाही. ती फक्त रेडिओ लहरी ऐकते, सेकंदाला लाखो वेळा थरथरणाऱ्या. बोलणं सेकंदाला फार तर काही हजार वेळा थरथरतं. तिच्या कानाला ते ऐकूच येत नाही."

"पण चुंबकत्व कशाचं?"

"तारेतून वीज वाहिली की तारेभोवती चुंबकत्व तयार होतं." ते जमिनीकडे बघत होते. "आपल्या घराखालून फोनच्या तारा जातात."

"म्हणजे कोणीतरी फोनवर बोलतंय. एवढंच ना?"

"नाही ना. फोनला दोन तारा असतात, एकमेकींना पिळ्यासारख्या गुंडाळलेल्या. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोघींचं चुंबकत्व उलटसुलट, एकमेकांना खोडून टाकतं. चांगली तार बाहेर अक्षरही फुटू देत नाही. ऐकू येतंय याचा अर्थ, एक तार तुटून ओल्या मातीला टेकली आहे. वीज जाते तारेतून आणि परत येते मातीतून. तुटलेल्या तारेत कोणीतरी बोलतंय."

"दोनशे एकोणसाठ."

"पण तो मोजतोय कशाला?"

आजोबा एकदम खाली बसले. "तारवाले लाइन तपासताना मोजतात. एकजण या टोकाला तारेला आपला बॅटरीवरचा हातफोन जोडून आकडे म्हणत राहतो. पलीकडच्याने शेवटचा ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा. आकडा परत आला, की लाइन आहे. हा उत्तराची वाट बघतोय."

शाल्मलीने डब्याचं झाकण उघडलं. चिपच्या पहिल्या आणि आठव्या पायांमध्ये एक कपॅसिटर जोडला की आवाज वीसपटीऐवजी दोनशेपट वाढतो, हे तिला पाठ होतं. आधी त्यांनी तो मुद्दाम लावला नव्हता, कारण घर लहान होतं. तिने सोल्डरिंगची तापलेली सळई उचलली. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यांदा जोड बसला.

चालू करताच डबा कर्कश किंचाळला. स्पीकरमधला चुंबक पिकअपला ऐकू जात होता, तेच पुन्हा मोठं होऊन स्पीकरमध्ये येत होतं, आणि ते चक्र थांबत नव्हतं. आजोबांनी घाईने स्पीकर सोडवून त्यांचा जुना हेडफोन जोडला. एक कान त्यांनी लावला, एक तिने.

"दोनशे नव्व्याण्णव." आता दम लागलेला कळत होता. "तीनशे. पाणी मांडीला लागलं."

आवाज रंगाकाकांचा होता.

आजोबांनी भिंतीवरचा फोन उचलला; घरची लाइन शाबूत होती. त्यांनी कचेरीतल्या ड्यूटीवरच्या माणसाला तीनच वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडचं बोलणं शाल्मलीलाही ऐकू येत होतं.

"सर, येडग्यांचा बिल्ला 'बाहेर'च्या खिळ्यावर आहे. मी समोरच बघतोय. साडेदहाला बाहेर आले, तेव्हाच लावलाय."

बोगद्यात जाणाऱ्याने दरवाजाशी आपला पितळी बिल्ला 'आत'च्या खिळ्याला लावायचा, बाहेर आल्यावर 'बाहेर'च्या. वीस वर्षांत यात चूक झाली नव्हती. अंगावर बिनतारी काही बाळगायचं नाही म्हटल्यावर आत कोण आहे हे सांगणारी तीच एक गोष्ट होती.

"आजोबा," शाल्मली म्हणाली. "ते दरवाजातून आत गेले नाहीत. आपल्या घरामागे बोगद्यात उतरायची झडप आहे ना, तिच्यातून उतरले. मी पाहिलं. दोन किलोमीटर परत कुठं चालू, म्हणाले. सांगू नको, साहेब रागावतील म्हणाले. ते माझ्यासाठी बाहेर आले होते."

आजोबांनी क्षणभर डोळे मिटले. रागावले नाहीत. फोनमध्ये म्हणाले, "तो आत आहे. माणसं, कुदळी आणि पंप पाठवा. कुठे, ते आम्ही शोधतो."

घरामागची लोखंडी झडप उघडून पाहिली, तर लाल चिखल वरून चौथ्या पायरीपर्यंत चढला होता. आठवडाभराच्या पावसाने बोगद्याचं छत कोसळलं होतं. आणि या भागात बोगद्याला पाच जुने फाटे होते. दोन तर नकाशावरही नव्हते.

"गिटार घे," आजोबा म्हणाले.

शाल्मलीने गिटारचा पट्टा गळ्यात अडकवला. गिटार ताटासारखी आडवी धरली, तारा आकाशाकडे. डबा आजोबांच्या झोळीत. हेडफोन तिच्या डोक्यावर. टिटवी मागून तुरुतुरु येत होती.

धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. ओल्या गवताखाली कातळ होता आणि त्याच्याखाली कुठेतरी तो माणूस.

"तीनशे एक्क्याऐंशी."

"हातातल्या बांगड्या आठव," आजोबा चालता चालता म्हणाले. "तार म्हणजे हात. तारेभोवतीचं चुंबकत्व बांगडीसारखं गोल फिरतं. तुझं पिकअप आडवं आहे, त्याच्या वेढ्यांचं तोंड वर आहे. त्यात फक्त वरखाली जाणारं चुंबकत्व शिरतं. तारेच्या डावीउजवीकडे बांगडी खालून वर किंवा वरून खाली जाते, म्हणून ऐकू येतं. आणि बरोबर तारेच्या माथ्यावर?"

शाल्मलीने हवेत बांगडी काढून पाहिली. माथ्यावर बांगडी आडवी असते. "आडवं जातं. वेढ्यांत शिरत नाही."

"मग?"

"मग ऐकू येणार नाही."

"तेच शोधायचं. आवाज जिथे नाहीसा होईल, तिथे आपण तारेच्या माथ्यावर."

ती आडवी चालत गेली. "तीनशे नव्व्याण्णव. चारशे. पाणी कमरेला." आणखी तीन पावलं. आवाज पातळ झाला, कोणीतरी तोंडावर घोंगडी ओढून घ्यावी तसा, आणि गेला. कानात नुसता शांततेचा सूं सूं. तिला ते सहन झालं नाही, ती पटकन पुढे सरकली. "चारशे दोन." आवाज परत आला.

"इथं," ती म्हणाली. टिटवीने आपल्या खणातली पांढरी खुंटी तिथे रोवली.

असं करत करत खुंट्यांची ओळ लागली. दर वीस पावलांवर आडवं चालायचं, आवाज हरवू द्यायचा, तो जिथे हरवला तिथे खुंटी. ओळ नकाशात नसलेल्या फाट्यावरून पश्चिमेला गेली आणि एका मोठ्या खडकाशी संपली. तिथून पुढे दोन्ही बाजूंना आवाज विरत जात होता.

"टोक," आजोबा म्हणाले. "पण कोणतं? एका टोकाला रंगा आहे, दुसऱ्या टोकाला तुटलेली तार मातीला टेकलीय. चुकीच्या ठिकाणी खणलं तर वेळ गेला."

"पाचशे अठ्ठावन्न," कानात आलं. आवाज बसला होता. त्यांच्या हातफोनची बॅटरीही उतरत असणार.

"टिटवी," आजोबांनी विचारलं, "खाली कोणी आहे का, तुला काही कळतंय?"

"बिल्ला बाहेर आहे. रेडिओ लहरी शून्य. माझ्या माहितीनुसार खाली कोणी नाही," टिटवी म्हणाली. मग तिने अँटेना शाल्मलीकडे वळवला. "पण तुम्ही दोघं तसं वागत नाही आहात."

शाल्मलीने एक दगड उचलला. आपण त्यांच्याशी बोलू शकत नाही, हा डबा फक्त ऐकतो. पण जमीन तर आहे. ती गुडघ्यावर बसली आणि कातळावर तीनदा ठोकलं.

"पाचशे बासष्ट. पाचशे त्रेसष्ट." मोजणं चालूच राहिलं.

"हे टोक नव्हे," ती म्हणाली आणि धावत सुटली. खुंट्यांच्या ओळीवरून उलटं, घरावरून पुढे, जिकडे ओळ अजून घातलीच नव्हती तिकडे. आजोबा धापा टाकत झोळी सांभाळत मागे. वायर ताणली गेली, ती थांबली, पुन्हा निघाली. आडवी पावलं, हरवणारा आवाज, खुंटी. पुन्हा. आजोबांचं बोट तिच्या खांद्यावर होतं, धुक्यात हरवू नये म्हणून. "सहाशे. छातीला," एवढंच आलं. पुढचे आकडे मधेमधे गळू लागले.

मोजणी सातशेच्या जवळ आली तेव्हा दुसरं टोक लागलं. करवंदीच्या जाळीशी, जांभ्याच्या एका सपाट कातळावर. शाल्मलीने दगड घेतला आणि ठोकलं. एक, दोन, तीन.

"सहाशे सत्त्याण्णव," कानात आलं.

आणि पुढचा आकडा आलाच नाही.

ती वाट बघत राहिली. हेडफोनमध्ये काही नव्हतं. मघाशी दर वेळी आवाज गेला की दोन पावलांवर तो परत मिळत होता. आता ती गिटार कशीही फिरवत होती आणि तो कुठेच नव्हता. आजोबा तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे होते.

तिने पुन्हा ठोकलं. एक, दोन, तीन.

"तीन," खालून रंगाकाका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "तीन आलं. लाइन हाय. कोन हाय रं वर? न्हाई, बोलू नका, मला ऐकू यायचं न्हाई. ठोकत ऱ्हावा."

शाल्मली ठोकत राहिली. पाच ठोकले की खालून "पाच" यायचं, दोन ठोकले की "दोन". माणसं पोचली, कुदळी पडू लागल्या, तरी तिने दगड सोडला नाही. टिटवी कातळाच्या मधोमध दिवा लावून उभी राहिली, म्हणजे धुक्यात कोणी जागा चुकायला नको. आधी हाताच्या जाडीचं भोक पडलं, त्यातून पंपाचा पाइप आत गेला, पाणी उतरू लागलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला रंगाकाकांना दोराने वर घेतलं, तेव्हा ते नखशिखांत लाल मातीचे झाले होते आणि दात वाजत होते.

त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग शाल्मलीच्या गळ्यातल्या गिटारकडे.

"मोजायचं सोडणार होतो मी," ते म्हणाले. "वाटलं, हजार झाले की गप्प बसायचं. कोन ऐकतंय?"

ब्लँकेट पांघरल्यावर आणखी थोड्या वेळाने ते आजोबांना म्हणाले, "साहेब, बिल्ल्याची चूक माझी. पोरीला काय बोलू नका."

"मी काहीच बोललो नाहीये," आजोबा म्हणाले. "तूच बोलतोयस तासन्‌तास."

रंगाकाका हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

पुढच्या महिन्यात दुर्बिणीच्या कचेरीने दोन गोष्टी केल्या. झडपांना कुलपं लावली. आणि बोगद्यावर जागोजागी तांब्याच्या तारेची मोठी वेटोळी ठेवून प्रत्येकाला एकेक अ‍ॅम्प्लिफायर जोडला, अगदी बिस्किटांच्या डब्यातल्यासारखा. स्वतः एकही रेडिओ लहर बाहेर न टाकता तो जमीन ऐकत राहतो. पहिलं वेटोळं शाल्मलीने वळलं, दोनशे वेढे, बैलगाडीच्या चाकाएवढं. वेढे जितके जास्त आणि वेटोळं जितकं मोठं, तितकं क्षीण चुंबकत्व त्याला कळतं. टिटवीलाही एक छोटं वेटोळं बसवलं. त्या दिवसापासून ती चालताना मधेच थांबून जमिनीशी मान वाकवते.

आश्विनातल्या एका पहाटे, उजाडायच्या जरा आधी, शाल्मली वेटोळ्याची चाचणी घेत होती. बोगदा रिकामा होता. तिने स्वतः दरवाजाशी जाऊन बिल्ले मोजले होते. हेडफोनमध्ये आधी तडतड आली, तव्यावर जिरं टाकावं तशी. मग एक शीळ. उंच सुरात सुरू झाली, हळूहळू खाली खाली उतरत गेली, दोन सेकंदांत विरली.

तिने हेडफोन काढला नाही, नुसता हात वर केला. आजोबा जवळ आले आणि दुसरा कान लावून बसले. बराच वेळाने पुन्हा एक शीळ उतरली.

"खाली कोणी नाही," ती कुजबुजली.

"नाही. हे वरून आलं." आजोबाही कुजबुजत होते. "तडतड म्हणजे दूरच्या विजा, शेकडो मैलांवर कडाडलेल्या. आणि शीळ म्हणजे त्याहूनही दूरची एखादी वीज, कदाचित विषुववृत्ताच्या पलीकडे पडलेली. तिची लाट वर अवकाशात गेली, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या वाटेवरून चालत इकडे उतरली. वाटेत उंच सूर वेगाने पळाले, खालचे मागे रेंगाळले. म्हणून ती उतरत उतरत येते."

"हे रोज चालू असतं?"

"माणूस जन्मायच्या आधीपासून."

शाल्मलीने वेटोळं थोडं दक्षिणेकडे वळवलं. वही मांडीवर घेतली, वेळ लिहिली, आणि पुढच्या शिळेची वाट बघत बसली. दुर्बिणीच्या दोनशे थाळ्या धुक्यातून हळूहळू दिसू लागल्या होत्या.